जिना कुठून काढायचा

२ मार्च, रविवार

आणि जिना बाबांच्या खोलीतूनच का? हे मी मागच्या महिन्यातही विचारलं होतं. दादाचं उत्तर तेच — "अरे, दुसरीकडे जागा आहे का? ती खोली तशीही बंद. बाबांना आता भोकं दिसत नाहीत, वेताच्या खुर्च्या कशा विणणार?" एक तारखेला गवंडी येणार. वरच्या मजल्याचे पैसे त्याआधी पोचले पाहिजेत. वहिनीने मध्येच फोन घेतला. "भावोजी, कठडा स्टीलचाच हं. समोरच्यांसारखा."

समोरचा म्हणजे आमचा चुलतभाऊ. बांधकाम झाल्यापासून सगळी आळी त्याला बाल्कनी म्हणते. तोही माझ्यासारखाच गाव सोडून इथे कामाला आहे, दोन स्टॉप पलीकडे.

खोटं कशाला लिहू — कठडा मलाही हवा होता. तीन वर्षं त्याचा फोटो मोबाइलवर आहे.

५ मार्च

आमच्या हॉटेलात मोठी पार्टी. चारशे खुर्च्या मांडल्या, चारशे उचलल्या. सगळ्या प्लॅस्टिकच्या.

८ मार्च

हॉटेलच्या गोडाऊनच्या मॅडमनी घरून एक वेताची खुर्ची आणली. बसायची जाळी पार फाटलेली. म्हणाल्या, "भंगारात टाक." मी म्हटलं, विणून बघू? "तुला येतं?" येतं म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. आयुष्यात अख्खी खुर्ची एकट्याने विणलेली नाही.

१२ मार्च

टोपल्या विकणाऱ्याकडे वेताच्या पट्ट्या मिळाल्या. बादलीत भिजत घातल्या. थोड्या वेळाने तो वास आला आणि मी तिथेच बसून राहिलो.

शाळेची घंटा व्हायची तेव्हा मी बाबांच्या खोलीत, खुर्चीच्या खाली. बाबा वरून पट्टी सोडायचे, मी खालून ओढून शेजारच्या भोकातून वर द्यायचो. पट्ट्यांमधून बाबांचा चेहरा दिसायचा. वीण भरत गेली की कमी कमी दिसायचा — आधी कपाळ जायचं, मग नाक. शेवटी नुसता आवाज. "आहेस का रे खाली?"

आई दारात येऊन म्हणायची, "चौथीतच सोडणार आहे का हा?" बाबा म्हणायचे, "उद्या पाठवतो." पाठवायचेही. मी मागच्या गल्लीतून परत.

चौथीतच सोडली.

१५ मार्च

तुटली. चार ठिकाणी. काय ताणून विणली होती, बघणाऱ्याने वाहवा केली असती. वाळली आणि सकाळी कटकट आवाज. माझ्या खोलीत राहणारा स्वयंपाकी म्हणाला, "चला, आता उभ्यानेच जेवू."

कसं विसरलो? बाबा प्रत्येक खुर्चीच्या वेळी सांगायचे — "सैल ठेव. वेत वाळला की आपला आपण ताणतो. तू नको जोर लावू."

१६ मार्च, रविवार

बाल्कनीकडे गेलो. कठड्याचा खर्च विचारायला. एका खोलीत आठजण, हा वरच्या पलंगावर मोजे शिवत बसलेला.

"किती वेळा बसलास रे बाल्कनीत?" सहज विचारलं.

"एकदा. उद्घाटनाला." मग हसला. "ऊन येतं दुपारी. आई कपडे वाळत घालते."

"मग बांधलीस कशाला?"

"आळीच्या कोपऱ्यावरच्या ड्रायव्हरने बांधली म्हणून. तू कशाला बांधतोयस?"

ओठांवर आलं होतं — तू बांधलीस म्हणून. चहा पिऊन निघालो. कठड्याचा खर्च विचारायचा राहिलाच.

२२ मार्च

दुसऱ्यांदा विणली, सैल. तीन दिवस हात लावला नाही. आज बोटाने वाजवली — टण्ण. बाबांच्या खुर्च्या अशाच वाजायच्या. स्वयंपाकी बसून उठला, पुन्हा बसला. "उठवत नाही रे," म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, घरी आणखी चार आहेत, काय घेशील? मला आकडाच सांगता आला नाही. लाज वाटली. आणि आनंदही.

२३ मार्च, रविवार

एक शंका आहे. बाल्कनीचं बघून मजला, तसं बाबांचं बघून हे विणणं. नक्कलच ना? दिवसभर डोक्यात तेच. पण बाबांनी मला कधी ये म्हटलं नाही. हाकलूनच द्यायचे. मागच्या गल्लीतून यायचो तो मीच.

बाबांना फोन केला. म्हटलं, आपल्याकडे चांगला वेत अजून मिळतो का, कुणाकडे? म्हणाले, "मिळतो. का?" मी म्हटलं, असंच. "हं," म्हणाले. आणि फोन आईकडे दिला.

२८ मार्च

दादा चिडलाय. "गवंडी ठरलाय, सळया उतरवल्यात, आणि तुझ्या पैशांचा पत्ता नाही! आळीत तोंड कसं दाखवू?" त्याचंही खरं आहे. लहानपणी मी खुर्चीखाली लपायचो तेव्हा बोलणी तोच खायचा. सांगतो म्हणालो, एवढंच. कायमचं घरी यायचं मनात आहे हे त्याला सांगवलं नाही. कुणालाच नाही.

१ एप्रिल

सकाळी वहिनीचा फोन. गवंडी पहार घेऊन आला होता. बाबा त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले. "इथून जिना नाही. पोरगा येतोय."

मजल्याचे पैसे पाठवले नाहीत, त्यातूनच घरचं तिकीट काढलं. बाबांना आज पाठवतोय ते फक्त वेत घेऊन ठेवायला — सहा हजार दोनशे.