हात तुझे, चेहरे माझे

ताई,

तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी हे पत्र लिहितेय. टाकणार कुठल्या पत्त्यावर, देव जाणे.

चित्रांच्या कामाचा नुसता डोंगर झालाय. डेंटिस्टला भिंतीवर बत्तीशी दाखवणारं कुटुंब हवंय, प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकासाठी जादूगार, आणि बिस्किटवाल्याला पुड्यावर प्रेमळ आजी, तीही आजच्या आज!

चित्रातले हात तू काढायचे, चेहरे मी, ही आपली वाटणी मी मोडलेली नाही. हात मला जमत नाहीत, म्हणून सवयीने ती जागा कोरी सोडते. घरात मी एकटी, दाराला आतून कडी. तरी दुपारची डुलकी काढून उठले की हात काढलेले असतात. पहिल्यांदा मी कडी दोनदा तपासली. मग बरंच वाटायला लागलं. तुझ्या खुर्चीपाशी मी चहा ठेवू लागले, आणि कप रिकामा मिळायचा. प्रकाशक म्हणाला, "जादूगाराचे हात काय झकास काढलेत हो!" तुझं नाव सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं.

आज आजीचा चेहरा काढायचा राहिला आणि माझा डोळा लागला. उठले तर चेहराही तयार. आजीचा नव्हे, माझा. झोपलेला, तोंड जरासं उघडं, कुणीतरी वरून वाकून पाहिल्यासारखा. गालावरच्या उशीच्या वळासकट हुबेहूब.

ताई, तुला चेहरा जन्मात जमला नाही. तू काढलेले बाबा आईलाही ओळखू आले नव्हते.

मग इतके दिवस मी चहा कोणाला पाजतेय?

तुझी,
चेहरेवाली