लुगड्याचं दुसरं टोक

टिळकवाडी, बेळगाव
माघ वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थरूप अक्काताई,

तुझ्या पायावर धाकट्या भावकूचं डोकं. इकडं सगळं क्षेम आहे, म्हणजे घरात मी एकटाच आहे आणि मी क्षेम आहे. दाजींचा खोकला कसा आहे? दिवसभर तंबाखूच्या वखारीत बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन अडुळशाचा काढा घ्यायचा, यात कोण कुणाला बरं करतंय ते मला कळत नाही. (हे दाजींना वाचून दाखवू नकोस. खरं म्हणजे हे पत्र तू एकटीनंच वाच.)

तुझं कार्ड पोचलं. अंजनी निपाणीत तुझ्याकडं येऊन आठ दिवस झाले, एक वेळ जेवते, कसलेतरी उपास धरलेत, विचारलं तर 'काय न्हाय' म्हणते आणि टिळकवाडीला परत जाणार नाही म्हणते, हे सगळं वाचलं. शेवटी तू विचारलंयस, 'तू काय केलंस?' केलं ते सांगतो. पण त्याआधी यंत्राचं सांगावं लागेल आणि यंत्राचं सांगायचं तर तिच्या हातांचं.

पौष लागला की आमच्या विहिरीचं पाणी असं गार होतं की धुणं धुऊन तिच्या बोटांना भेगा पडतात. दिवेलागणीला ती चुलीपुढं बसून बोटांना कोकमतेल लावते. मी पेपर वाचायचं सोंग करून बघत बसतो. लग्न झाल्यापासून नऊ वर्षं बघतोय, पण बोलता काही आलं नाही. कचेरीत मी पानंपानं मसुदे लिहितो, घरात मात्र 'दुखतंय का गं' एवढं विचारायला जीभ रेटत नाही. तेवढ्यात कॅम्पातला कुणी मेजरसाहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यापुढं सामानाचा लिलाव निघाला. मी गेलो होतो आरामखुर्ची बघायला.

झाडाखाली दोन वस्तू शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. एक होतं कपडे धुवायचं यंत्र. चार पायांवर लाकडी पिंप, बाजूला हातानं फिरवायचा दांडा आणि वर दोन रबरी लाटा, म्हणजे रूळ, एकमेकींवर दाबून बसवलेल्या. मधून ओलं कापड घातलं की पिळून पलीकडं पडतं म्हणे. दुसरं होतं कपडे वाळवायचं कपाट. सगळं पत्र्याचं, आत टांगायला दांड्या आणि खाली निखाऱ्यांची शेगडी. मी दोन्हींच्या मधे उभा राहिलो आणि मला दिसायला लागलं. अंगणात अंजनी पाटावर बसलीय, हात कोरडे, बोटं मऊ, केसात शेवंती, आणि शेजारी यंत्र आपलं आपण धुणं धुतंय. (दांडा कोण फिरवतंय ते मला दिसलं नाही. माझ्या स्वप्नात कष्टाची माणसं दिसत नाहीत, हा माझा जुनाच दोष आहे.) मग पाऊस लागला, तोही स्वप्नातच, आणि कपाटातून ती माझं धोतर काढतेय, ऊन ऊन भाकरीसारखं. तिथं मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. आरामखुर्ची दुसऱ्यानंच नेली.

एवढी मोठी वस्तू घ्यायची तर चार जणांना विचारावं म्हणून विचारलं. शेजारचे मारुतीराव मास्तर कपाटाच्या बाजूचे निघाले. भरमू गाडीवान म्हणाला, "दोन्हीतलं कुठलंबी घ्या, पन हलकं आसंल ते घ्या. बैल म्हातारा हाय." मेजरच्या माळ्याचंही मत घेतलं. मत घेतलं नाही ते फक्त जी रोज धुणं धुते तिचं. हे मला आता लिहिताना दिसतंय, तेव्हा दिसलं नाही. शेवटी मी लाटांचं यंत्र घेतलं आणि का घेतलं ते तुलाच कळेल. त्या लाटा बघून मला आप्पांच्या मागाची तूर आठवली, जिच्यावर विणलेलं लुगडं गुंडाळत जातं.

माझं ते लहानपणचं दुखणं तुला आठवत असेल. शहापुरात मागाशेजारी आपल्याला कांड्या भरायला बसवायचे आणि कौलातून उन्हाचा कवडसा पडला की मी त्यात निघून जायचो. आई 'अरे' म्हणायची, आप्पा 'ए' म्हणायचे, मी ढिम्म. शेवटी तू 'भावकू' अशी हाक मारलीस की मी 'आलो, अक्का' म्हणून परत यायचो. ते दुखणं अजून आहे. नाव घेऊन हाक मारल्याशिवाय मी परत येत नाही, आणि लग्न झालेल्या माणसाला त्याच्या घरात नावानं हाक मारणार कोण?

तर गेल्याच्या गेल्या रविवारी सकाळी यंत्र अंगणात मांडलं. पहिला मान कशाला द्यायचा, तर मीच हट्टानं तिचं लग्नातलं लुगडं काढलं. तेच, जांभळं, लाल काठाचं, आप्पांनी मागावरून उतरवलेलं शेवटचं. अंजनी म्हणाली, "ह्ये नगं. आपल्यात लुगडं पिळत न्हाईत." बरोबरच होतं तिचं. आपल्या घरात लुगडं पिळलं तर आप्पा जेवायचे नाहीत. दोन टोकं दोघांनी धरायची, वाऱ्यावर झुलवायची, वाळलं की एकमेकांकडं चालत येऊन घडी घालायची. आम्ही दोघं नऊ वर्षं तसंच करत आलो. (त्या वेळी आम्ही फार बोलत नाही. ती येते, मी जातो, मधे लुगडं असतं. मला तो दिवसातला सगळ्यात चांगला वेळ वाटतो. तिला काय वाटतं, विचारलेलं नाही.) मी म्हटलं, पिळायचं नाही, गुंडाळायचं. लुगडं पिंपात धुऊन घेतलं, वरची लाट काढून ठेवली, खालच्या लाटेवर लुगड्याचं एक टोक काठाला काठ जुळवून बसवलं, जसं तुरीवर बसवतात. विणकराचा मुलगा सोडून दुसऱ्या कुणाला असली अक्कल सुचली नसती. दुसरं टोक धरून ती नेहमीसारखी पलीकडं उभी राहिली, आणि सुरकुत्या काढायला हात मोकळे हवेत म्हणून तिनं ते आपल्या पदराला गाठ मारून बांधलं.

मी दांडा फिरवायला लागलो. दात्यांचा खटक खटक आवाज यायला लागला. अक्काताई, तो आवाज तू ऐकायला हवा होतास. ऊन पाठीवर होतं. जांभळं लुगडं माझ्याकडं येत होतं, काठावर काठ चढत होता, आणि मी शहापुरात जाऊन पोचलो. आप्पा धोटा फेकत होते. आई आत भाकरी थापत होती. तू दारात बसून कांड्या भरत होतीस आणि तुझ्या वेणीला लाल सूत बांधलेलं होतं. नऊ वार म्हणजे बराच मोठा रस्ता असतो. मी डोळे मिटून चालत राहिलो.

इकडं अंगणात काय झालं ते मला नंतर मारुतीरावांच्या रुक्माबाईंकडून कळलं. लुगडं सरत आलं तशी अंजनी ओढली जात यंत्राकडं यायला लागली. ओली गाठ काही सुटेना. ती म्हणाली, "अवो, पुरं." मी फिरवतोय. "अवो, ऐकलं का?" भिंतीपलीकडून मारुतीराव म्हणाले, "काय गं?" रुक्माबाई म्हणाल्या, "म्या न्हाय हाक मारली." पुन्हा "अवो!" झालं तेव्हा मास्तर भिंतीशी येऊन उभे राहिले, कारण अवो म्हटलं की गल्लीतला प्रत्येक नवरा आपल्यालाच समजतो. फक्त मी सोडून. आता गाठ लाटेवर चढली, तिच्या पदराचा एक वेढा बसला, दुसरा बसला, डोकं खाली वाकलं, आणि भिंतीवरून मास्तर बघत असताना तिनं सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "भावकू!"

आणि मी डोळे न उघडता म्हणालो, "आलो, अक्का."

मास्तर हसले. माणूस वाईट नाही, पण हसले. अंजनीनं शांतपणे गाठ सोडवली, पदर मोकळा केला, माझ्याकडं बघितलं नाही. लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं, तेही ओठातल्या ओठात. त्यानंतर हे पहिलंच. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलंय. आणि त्यावर नवऱ्यानं बहीण म्हणून ओ दिली, म्हणजे वर आणखी काय पाप चढलं असेल ते तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी "अक्काताईंकडं जाऊन येते" म्हणाली आणि निपाणीच्या मोटारीत बसली. तुझं कार्ड वाचल्यावर मला त्या उपासांचा उलगडा झाला. ती माझ्यासाठी आयुष्य मागत बसलीय गं, आणि मी इथं धडधाकट फिरतोय. मला फार वाईट वाटतं.

आळीतल्या बायका हसतील अशी भीती तिला असेल, तर तसं काही नाही. उलट विहिरीवर नवीनच सुरू झालंय. मास्तर पाणी काढायला उठेनात की रुक्माबाई म्हणतात, "नाव घेऊ का आता?" आणि मास्तर घागर घेऊन धावतात.

तर आता तुझा सल्ला हवाय तो यंत्राबद्दल. लाटांचं ठेवावं, की ते देऊन वाळवायचं कपाट आणावं? कपाटाला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही, असं माळी सांगत होता. तू मोठी आहेस, चार घरं बघितलीस, दोन्ही बाजूंचा विचार करून सवडीनं कळव. दाजींना नमस्कार. तुझ्या लोभावर मी लहानपणापासून जगतोय, तो तसाच चालू ठेव.

तुझा
भावकू

ता. क. यंत्राबद्दल सल्ला कळवायची तसदी घेऊ नकोस. खरं म्हणजे ते मी परवाच भरमूला देऊन टाकलं, वर विचारलं ते नुसतं निमित्त. पिंपात तो म्हशीची पेंड कालवतो आणि म्हैस दूध वाढवून देते म्हणतो.

आणखी एक. लुगडं सुखरूप आहे हे तिला सांग. यंत्र देईपर्यंत लाटेवरच होतं, सुरकुती पडली नाही, पण वास धरला. म्हणून काल मी ते स्वतः विहिरीवर धुतलं. पाणी किती गार आहे ते मला आता कळलं. वाळवायला एक टोक शेवग्याच्या झाडाला बांधलं आणि दुसरं धरून उभा राहिलो. वारा चांगला होता, लुगडं वाळलंही. पण घडी घालायची वेळ आली तर झाड काही माझ्याकडं चालत येईना. ते तसंच खांद्यावर टाकून घरात आलो.

शेवटचं. हे पत्र एकटीनं वाच म्हणून वर लिहिलंय ते खोड. ती चुलीपाशी असेल तेव्हा वाच, जरा मोठ्यानं. आणि आयुष्याचं म्हणत असेल तर तिला सांग, ती हाक कानात आहे म्हणूनच हे आठ दिवस निघाले. परत येऊन आणखी एकदा मार म्हणावं. पहिल्याच हाकेला ओ देईन, आणि अक्का म्हणणार नाही.