तुझ्या मापाच्या गोळ्या

बुधवार, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. वाकून करता येत नाही, मांडीवर लेक झोपली आहे, आमची मुंगी. ती उठली की पत्र अर्धं राहील, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

इकडे सगळे बरे. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. मशीन घरीच आणून ठेवलंय, पाजणं आणि शिवणं एकाच खोलीत चालतं. तू आणलेली जुनी झबली मुंगीला छान होतात. पिवळ्याची बाही तेवढी आत घेतली.

आपल्या घरची रीतच ती. तुझे फ्रॉक, तुझं दप्तर, तुझे बूट, तेही पुढे कापूस कोंबून. "मला चाललं, तुला न चालायला काय झालं?" हे मी चालायला लागल्यापासून ऐकतेय.

मागे आलीस तेव्हा झबल्यांबरोबर तुझ्या गोळ्यांची पाकिटंही ठेवून गेलीस. दुसरं मूल इतक्यात नको, हे मी तुलाच तर बोलले होते. तुला त्या मानवल्या, म्हणून मीही डोळे झाकून सुरू केल्या.

मुंगी कशी आहे असं तू फोनवर विचारायचीस आणि मी म्हणायचे, मजेत. मजेत नव्हती गं. माझं दूध आटत चाललं होतं. छातीला लागायची, जरा ओढायची, की तोंड फिरवून रडायची. लंगोट कोरडे राहायला लागले. सासूबाई म्हणाल्या, मशीनवर बसून बसून दूध गेलं. मी मशीन झाकून ठेवलं, तरी फरक पडेना. मुंगीचं वजन घटलं तेव्हा मात्र घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"या गोळ्या कोणी दिल्या?"

"ताईने."

"ताई डॉक्टर आहे?"

"नाही, ताई आहे."

त्या हसल्या, मला मात्र रडू फुटलं. त्या म्हणाल्या, गोळ्या वाईट नाहीत, पण यात दोन हार्मोन आहेत आणि त्यातल्या एकाने काही जणींचं दूध कमी होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी एकाच हार्मोनच्या गोळ्या मिळतात. त्या मला दिल्या. रोज ठरल्या वेळी घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. सकाळी मशीनवरचं कापड काढलं की आधी गोळी, मग दोरा. दूध हळूहळू परत आलं. मुंगी आता पोटभर पिते आणि वर माझी बटणं ओढते.

हे तुला सांगणार नव्हते. तुझा राग आला होता, आणि तुला वाईट वाटेल म्हणून जीवही तुटत होता. पण काल तू म्हणालीस, धाकटी जाऊ बाळ घेऊन माहेराहून आली की उरलेली पाकिटं तिला देणार. ताई, देऊ नकोस. ती ओली बाळंतीण आहे. या दिवसांत असल्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचीही भीती असते, असं बाई म्हणाल्या. तिला काय चालेल ते तिच्या डॉक्टरांना ठरवू दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून उद्या हे तिकडे येतायत, त्यांच्या हाती पत्र देतेय.

राग गेलाय. झबली पाठवत राहा, कमीजास्त झाली तर मी आत घेईन, नाहीतर सोडेन. गोळीला उसवायला शिवण नसते.

उत्तरात "मला तर काही झालं नव्हतं" एवढं मात्र लिहू नकोस.

तुझ्याच मायेची, पण माझ्या मापाची,
धाकटी