वाऱ्याचा डोंगर

प्रिय राव्ना,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते. तुझे बाबा जिवंत आहेत, मी धडधाकट आहे आणि निम्म्याहून जास्त कळप शिल्लक आहे. बाकीचं सवडीने वाच.

यंदा जानेवारीत पाऊस पडला. बर्फ नव्हे, पाऊस. तीन दिवस छपरावरून पागोळ्या गळत होत्या आणि अंगणातला बर्फ भिजून लगदा झाला होता. चौथ्या दिवशी पारा उणे वीसवर उतरला आणि सगळं माळरान काचेसारखं गोठलं. रेनडियर खुराने उकरायचे, थांबायचे, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा उकरायचे. खाली दगडफूल आहे हे त्यांना वासाने कळत होतं, पण वर वीतभर घट्ट बर्फ. गाभण माद्यांच्या पायांतून रक्त यायला लागलं. पोत्यातलं खाद्य आणून टाकलं, तर म्हाताऱ्या जनावरांना ते पचेना. बाबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी असा हिवाळा एखाददुसराच आला. गेल्या आठ वर्षांतला हा चौथा.

शेवटी ते म्हणाले, "वाऱ्याच्या डोंगरावर न्यायला हवेत." तुला तो डोंगर माहीतच आहे. वर वारा बर्फ टिकूच देत नाही, त्यामुळे पाऊस पडला तरी गोठायला काही उरत नाही. सरोवराला वळसा घालून जायचं तर तीन दिवस, आणि जनावरं तेवढी तग धरतील असं वाटत नव्हतं; बाबांना गोठलेल्या सरोवरावरूनच सरळ जायचं होतं. शेजारचा मिक्केल म्हणाला, "आस्लाक, सरोवराचा भरवसा नाही. नाताळपर्यंत लाटा होत्या त्यात." बाबा म्हणाले, "जानेवारीतल्या ह्या सरोवरावरून मी पन्नास वर्षं चालतोय." मी कॉफीचे कप विसळत होते. मलाही मिक्केलचंच पटत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. ते माझ्याकडून राहिलं, राव्ना.

बाबांनी जागोजाग भोकं पाडून बर्फाची जाडी मोजली. अर्ध्याहून पुढेपर्यंत चांगली होती. पलीकडच्या काठाला, ओढा मिळतो तिथे, पुढचा घोळका एकाएकी खाली गेला. फार आवाजही झाला नाही. नुसती शिंगं पाण्यावर फिरत होती, आणि मागची जनावरं पुढच्यांच्या मागे जातच होती. त्यांना वळवायला बाबा बर्फावर चालणारी स्कूटर घेऊन बाजूने धावले आणि स्कूटरसकट आत गेले. मिक्केल पोटावर पालथा पडून फासाचा दोर फेकत होता. दोनदा हुकला. बाबा छातीभर पाण्यातून ओरडले, "अरे, मला शिंगं नाहीत, खांद्यात टाक!" मिक्केल अजून ते सांगताना आधी हसतो आणि मग बाहेर जाऊन उभा राहतो.

एकसष्ट जनावरं गेली. बाबांची डाव्या हाताची दोन बोटं त्रोम्सोच्या इस्पितळात कापावी लागली. हात बरा होतोय, माणूस होत नाहीये. खिडकीशी बसतात आणि गेलेल्या जनावरांची नावं घेतात, एकेक करून.

उरलेला कळप मी आणि मिक्केलने काठाकाठाने नेला. वाटेत आणखी काही पडली. पण जी वर पोचली ती जगली. पाच आठवडे मी तिथल्या खोपट्यात राहिले आणि त्यांना उघड्या खडकांवरचं दगडफूल खाताना पाहत राहिले. इतका वारा, की दार उघडायला खांदा लावावा लागायचा. पलीकडे तुझ्या जुन्या पवनचक्कीवाल्या कंपनीने वारा मोजायला उभारलेला खांब शिट्ट्या घालत होता. ज्या वाऱ्यामुळे आमची जनावरं जगली, तोच वारा कंपनीला हवा आहे. दोघांनाही दुसरीकडे तसा मिळत नाही.

त्या दिवसांत तुझं बोलणं फार आठवलं. जेवताना तू सांगायचीस, "आई, हा पाऊस आपोआप नाही आला. जगभर कोळसा जळतोय, आपल्याच समुद्रातलं तेल जळतंय, त्याचा हा पाऊस. धूर थांबवायचा तर वीज वाऱ्यातून, उन्हातून काढावी लागेल." मी तेव्हा ताट उचलून उठायचे. आता उठून जायला जागा नव्हती. तुझं म्हणणं खरं आहे. माझी स्कूटरही पेट्रोलच पिते. पण त्या डोंगरावर चाळीस पवनचक्क्या, रस्ते आणि तारा आल्या, तर जनावरं तिथे पाऊल ठेवणार नाहीत, हेही खरं आहे. दोन्ही खरं असताना काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मला हे कळत नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये ह्या पवनचक्क्यांबद्दल बैठक होती, तू कंपनीच्या माणसांच्या रांगेत त्यांचं निळं जाकीट घालून बसली होतीस. येताना दारातच कुणीतरी टोमणा मारला होता, "काय बिरेत, तुमची पोरगी वारा विकायला बसली म्हणे!" माझं डोकं भणाणलं होतं. माझी पाळी आल्यावर मी उठून म्हणाले, "ही आता माझ्या घरची नाही. ज्यांचं जाकीट घातलंय, त्यांची आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मान खाली घालून कागद बघत राहिलीस. मला वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही. पुढे तू ती नोकरी सोडून बर्गनला गेलीस असं कळलं, तेव्हाही मी कुणाला तरी म्हणाले, बरं झालं.

गेल्या सोमवारी कंपनीविरुद्धच्या खटल्यातली आमची वकील सुन्ना आली. कोर्टाने कंपनीकडून जुने कागद मागवले होते. त्यात एक अहवाल होता, त्याच्यावर तुझं नाव आणि बैठकीच्या चार महिने आधीची तारीख. सुन्नाने वाचून दाखवला. बर्फ गोठलेल्या हिवाळ्यात कळपांना हा एकच डोंगर उरतो, इथे एकही चक्की उभारू नये, असं तू लिहिलं होतंस. जुन्या खाणीजवळ, जिथे रस्ता आणि तारा आधीच आहेत, तिथे चक्क्या बसतील, वीज थोडी कमी मिळेल, तरी चालेल, असंही होतं. लोकांना दिलेल्या प्रतीत ती पानं नव्हती. तोंड उघडायचं नाही, असं कंपनीने तुझ्याकडून लिहून घेतलं होतं, तो कागदही त्यातच निघाला. बाबांनी ऐकलं आणि पहिल्यांदाच खिडकीकडची मान वळवली. म्हणाले, "पुन्हा वाच." सुन्नाने पुन्हा वाचलं. मग ते मला म्हणाले, "तू तिला विचारलं होतंस का?" मी नाही म्हणाले.

सुन्नाला वाटतं, तू साक्षीला आलीस तर खटला आमच्या बाजूने झुकेल. ती म्हणाली, "आईचं पत्र गेलं तर ती येईल." मी तिला सांगितलं, पत्र लिहीन, पण त्यात हे मागणार नाही. साक्ष देण्यात तुझं काय पणाला लागेल ते तुलाच ठाऊक, तू ठरव. मी लिहिते आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. चौदा एप्रिलला माझी साक्ष आहे. तो अहवाल दाखवून मला विचारतील, हे कुणी लिहिलंय, माहीत आहे का. गाव सगळं तिथे असेल, त्या दिवशी टाळ्या वाजवणारेही. त्यांच्यासमोर मी म्हणणार आहे, "माझ्या मुलीने." पण कोर्टात म्हणण्याआधी तुला विचारायला हवं, असं वाटलं. म्हणू ना?

तुझीच,
आई