गरुडाखालचा बाक

३ एप्रिल, गुरुवार

भावजींना बाकावर बसवायचं! ठरलं. मांडीवर ढमी, खांद्याला सगळ्यांच्या पिशव्या, डोक्यावरून गरुड सुसाट चाललाय — आणि त्या गरुडात ताई!

विषय त्यांनीच काढला. ताई, भावजी आणि त्यांची पोरं, टिल्लू नि छोटी ढमी, दोन गल्ल्या सोडून राहतात, गुरुवारी जेवायला आपल्याकडे असतात. "सुट्टीत मुलांना थीम पार्कला नेऊ या," म्हणाले. मग माझ्याकडे वळून — "मेहुणीबाई, तू पदवीधर. तूच आख सगळं. आम्ही अडाणी माणसं, तू सांगशील तिथे उभं राहू." आई हसली, बाबा हसले. मीही हसले. दातओठ खात हसता येतं!

आणि लगेच पुढे — "तिथला तो गरुड नावाचा रोलर कोस्टर आहे ना, मी आणि टिल्लू त्यावर तीनदा बसणार. हिचा प्रश्नच नाही, ही ढमीला घेऊन बसेल खाली बाकावर. हिला चक्कर येते."

चक्कर? ताईला? लहानपणी माझी चप्पल टाकीवर अडकली तर शिडी चढून काढून आणणाऱ्या बाईला? आणि ताई? टिल्लूच्या ताटातलं सांडलेलं गोळा करत राहिली.

४ एप्रिल, शुक्रवार

खुर्चीचं इथे लिहून ठेवते. नाहीतर राग निवेल.

मागच्या वर्षी पदवीदानाला आई आणि बाबांच्या मधली खुर्ची मी धरून ठेवली होती. वर माझा रुमाल टाकला होता. ताईसाठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने दहावीनंतर शाळा सोडली. भांडी घासता घासता तिने माझ्याकडून धडे म्हणून घेतले — चुकले की ओल्या हाताची टपली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी म्हणतात. खोटं. अर्धी तिची आहे.

मी मंचावर गेले, टोपी सावरली, खाली पाहिलं. खुर्चीवर रुमाल.

ढमी तेव्हा अगदी तान्ही होती. तिला सांभाळायला भावजी घरी थांबणार, असं ठरलं होतं. ते गेले मॅचला! संध्याकाळी उगवले, दोन्ही गालांना संघाचे रंग फासलेले. "अगं राहिलंच की ते! बरं, कानामागून आलीस आणि तिखट झालीस. आता आमच्या बायकोचे कान तपासून दे फुकटात. हाक मारली की ऐकूच जात नाही तिला."

मी श्रवण-तपासणीच्या क्लिनिकमध्ये आहे म्हणून हा विनोद. तेव्हापासून दर गुरुवारी तोच.

कान तपासणार आहे मी. धरून, पिळून!

६ एप्रिल, रविवार

सापडलं! पार्कच्या नियमांतच सापडलं. सोबत लहान मूल असेल तर आईबापांपैकी एकाने आत जायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर थांबायचं. पहिला आला की दुसरा पुन्हा रांग न लावता आत. अदलाबदल.

अदलाबदल होऊच द्यायची नाही.

आता ढमीचं. ढमी ज्याच्या छातीवर झोपते त्याला खिळा बसतो. हलवलं, दुसऱ्याकडे दिलं, गाडीत ठेवलं — किंकाळी! आणि मग तासभर थांबत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ढमी झोपली की सगळे चवड्यांवर चालतात आणि ताई पुतळ्यासारखी बसून राहते. बाक तिचा ठरतो तो असा.

तर ढमी झोपली पाहिजे भावजींच्या छातीवर. गरुडासमोर. ताई रांगेत शिरल्या शिरल्या. सकाळी लवकर उठवायचं, पाण्यात भरपूर खेळवायचं, पोटभर केळं कुस्करून द्यायचं — की कारटी डुलायला लागते.

७ एप्रिल, सोमवार

पार्कचा नकाशा स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. आई म्हणाली, "सहलीला चाललीस की लढाईला?" मनात म्हटलं, लढाईलाच!

९ एप्रिल, बुधवार

क्लिनिकमध्ये आज एक चार वर्षांची मुलगी आली. आवाज आला की खुंटीवर रंगीत कडी घालायची, असा खेळ. ती आवाज नसतानाही कड्या घालत होती — मला बरं वाटावं म्हणून! आई काचेपलीकडून बघत होती ना. मी सगळं थांबवलं, तिला जवळ घेतलं, म्हटलं, "नाही ऐकू आलं तर नाही म्हण. इथे कुणी रागवत नाही." मग नीट झालं. हे काम मी जन्मभर करेन. पगार वाढो न वाढो.

घरी येताना टिल्लूची उंची घेतली, अनवाणी. गरुडाच्या दाराशी लाकडी अस्वल असतं, त्याच्या कानाला डोकं लागलं पाहिजे. टिल्लू दोन बोटं कमी! त्यांच्या दाराच्या चौकटीवर भावजींनी आजवर काढलेल्या झाडून सगळ्या खुणा बूट घालून आहेत — "माझा वाघ उंच आहे" म्हणून. वाघाला तिथे सगळ्यांसमोर परत पाठवतील. बापाचं तोंड बघण्यासारखं होईल...

नको. पोराला मध्ये घ्यायचं नाही. टिल्लूला कोपऱ्यात घेऊन खरं सांगितलं. ओठ काढले त्याने. मग विचारलं, "मावशी, अस्वल पण बूट घालतं का?" नाही म्हटलं. "मग बरोबर आहे," म्हणाला. सहा वर्षांचं पोर बापापेक्षा शहाणं.

भावजींना सांगितलं नाही. ते त्यांनी तिथेच ऐकावं.

१३ एप्रिल, रविवार

रंगीत तालीम. ताईकडे गेले. ढमीला केळं भरवलं, तिचे डोळे मिटायला लागले तशी म्हटलं, "भावजी, जरा धरता का? माझा हात भरून आला." धरलं. लुडकली! दुपारभर माणूस खुर्चीला जखडलेला. रिमोट समोरच्या टेबलावर, हाताला दोन वीत लांब. पायाच्या अंगठ्याने ओढू बघत होते! मी समोर बसून सावकाश पेपर वाचला.

कुजबुजत म्हणाले, "मेहुणीबाई, तू हे मुद्दाम केलंस."

"मी? अडाणी नाही ना मी, पदवीधर. आम्हाला असलं कुठलं सुचायला!"

हसले. हसा.

१६ एप्रिल, बुधवार

ताईला सांगितलं — तू गरुडावर बसतेस. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला नाही गं बसायचं."

"तुला बसायचं आहे. तुला सवय लागलीये नाही म्हणायची."

"असू दे की. मी बाकावर बरी असते."

"कोणी लावली ही सवय, ते मला माहीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "तुझा सदरा उसवलाय काखेत. काढून दे, शिवते." अशी आहे ती. हिच्या वाटणीचं भांडण दुसऱ्या कुणीतरी भांडायला नको?

भावजीही दारातून डोकावून म्हणाले, "ताईला विचारलंस का, की परस्परच सगळं?" बघा कोण बोलतंय!

२५ एप्रिल, शुक्रवार

पिशव्या भरल्या. केळी सगळ्यात वर.

२६ एप्रिल, शनिवार

झालं! तंतोतंत झालं!!

क्रमाने लिहिते. बसमध्ये टिल्लू ओकला, भावजींच्या नव्या पॅन्टवर. हे माझ्या योजनेत नव्हतं, देवाची देणगी. पार्कमध्ये आधी पाण्याचे खेळ. ढमी कारंज्यात पाय आपटून आपटून दमली. मग केळं. गरुडापाशी पोचलो तर लोखंडी रूळ थेट डोक्यावर, गाडी गेली की बाकसुद्धा थरथरतो. भावजी छाती काढून वाघाला घेऊन दाराशी. तिथल्या मुलीने बूट काढायला लावले. दोन बोटं! भावजी हुज्जत घालायला लागले — "अहो, घरी तर बरोबर भरतो!" टिल्लूने त्यांचा हात ओढला. "बाबा, अस्वल बूट घालत नाही." रांगेतले सगळे हसले. भावजींच्या मानेपर्यंत लाली.

मी तेवढ्यात ढमीला त्यांच्या खांद्यावर टाकलं. "तुम्ही धरा, ताईला एक फेरी मारून येऊ दे. मग अदलाबदल." ताई नाही नाही म्हणत होती, मी तिला ढकलत आत नेलं, शेजारी बसले, दांडा पाडला.

वर चढताना तिने माझा हात असा धरला की नखं रुतली. अजून खुणा आहेत. मग खाली — आणि ताई ओरडली! मी तिला आयुष्यात ओरडताना ऐकलेलं नाही. पोटातून, लांब. थांबली तेव्हा केस सुटलेले, डोळ्यांतून पाणी, म्हणाली, "अजून एकदा." तीनदा बसली!

खाली भावजी. ढमी छातीवर गाढ. पिशव्या, बाटल्या, ओकलेली पॅन्ट, उन्हाने लाल झालेलं नाक. टिल्लू शेजारी ओलाचिंब, कारंज्यात पुन्हा जाऊन आलेला. मान न हलवता फक्त डोळ्यांनी वर गरुड बघत होते.

मग मी बोलले. वर्षभर तोंडात धरलेलं. "कसं वाटतं भावजी, एका जागी बसून राहायला? माझ्या पदवीदानाला एक खुर्ची रिकामी होती. आठवते? तुम्ही मॅच बघत होतात."

मला वाटलं, आता काहीतरी वाकडं येणार. ते ताईकडे बघत राहिले. ताई टिल्लूचं डोकं पुसत होती. केव्हाच कोरडं झालं होतं, तरी पुसतच होती. मग ते म्हणाले, "हो बाई. चुकलं माझं."

एवढंच! ना कानाचा विनोद, ना मेहुणीबाई. सपशेल शरण!

२७ एप्रिल, रविवार

गरुडावरचा ताईचा फोटो तिथेच विकत घेतला होता — आ वासून ओरडतानाचा. आज त्यांच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या बरोबर वर, मीच खिळा ठोकून लावला. भावजींनी स्टूल धरलं. निमूट! रोज मॅच बघताना दिसू दे.

३० एप्रिल, बुधवार

दुपारी ताई क्लिनिकमध्ये आली. एकटी. पोरं भावजींकडे ठेवून. "तुझ्या त्या आवाज न जाणाऱ्या खोलीत बसू या," म्हणाली. दार लावून घेतलं. कड्यांच्या खेळापुढच्या लहानग्या खुर्चीत बसली. एक कडी घेतली, खुंटीवर घातली, काढली, पुन्हा घातली.

"तुझ्या पदवीदानाच्या दिवशी ते मॅचला निघालेच नव्हते. ढमीला घेऊन बसले होते, मला म्हणत होते, जा, उशीर होतोय. मीच त्यांना मॅचला घालवलं. भांडून. मला नाही बघवलं असतं गं, तू पदवी घ्यायला वर जाताना."

मी विचारलं, मग ते पार्कमध्ये बोलले का नाहीत?

"मी सांगितलंय त्यांना, तुला कळू द्यायचं नाही म्हणून."