हायपोची बरणी

धारूर,
डिसेंबर १९९६

प्रिय ईशू,

तुझं पत्र पोचलं. वीरेश भावजींबद्दल तू सरळ एक अक्षर लिहिलं नाहीस, पण पत्राच्या कोपऱ्यात त्यांच्या नावातला ‘वी’ निरनिराळ्या वळणांनी गिरवून बघितलास, तेव्हाच काय ते मला समजलं. आप्पांचाही निरोप आला, की सोमवारी होकार कळवायचा आणि दोघी बहिणी एका घरात नांदणार यासारखं दुसरं सुख नाही. तू माझी धाकटी जाऊ होणार म्हणून मी हरखून गेले असेन, असं तुला वाटत असणार. पण मला आधी दुकानातल्या माशांचं सांगू दे. मधलं सोडून शेवटाकडे पळू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

आमच्या कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेली माशांची काचपेटी तू पाहिली आहेस. पाडव्याला भावजींनीच ती औरंगाबादहून आणली. हल्ली मोठ्या दुकानांतून मासे ठेवतात, बायका पोरांना घेऊन थांबतात आणि थांबल्या की चार कापडं उलगडून बघतात, असं त्यांनी मामंजींच्या गळी उतरवलं. झालंही तसंच. ते गोड बोलतात, हसवतात, हे तुला मी सांगायला नको. बघण्याच्या कार्यक्रमात तुझ्या हातातला चहाचा ट्रे कलला तेव्हा त्यांनी स्वतः उठून तो धरला, याचं आपली विमलकाकू अजून कौतुक करते. मीसुद्धा करत होते.

उन्हाळ्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. भावजींनी मासे टोपात काढले आणि फिल्टरमधला स्पंज व चिनीमातीची कडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजत घातली. रोग मरतो, पण ब्लीचिंग स्पंजात दडून राहतं आणि नंतर तेच माशांना मारतं, हे त्यांनी मला नीट समजावलं. त्यांनी अंबाजोगाईला बीएस्सी केलंय, केमिस्ट्रीच घेतली होती. म्हणून स्पंज पुन्हा पुन्हा पिळून धुवायचा, मग ब्लीचिंग मारणाऱ्या हायपोच्या पाण्यात बुडवायचा, उन्हात वाळवायचा आणि नाकाशी धरून बघायचा. हायपो म्हणजे फोटो स्टुडिओवाले फोटो धुताना वापरतात ते खडे. दिसायला हुबेहूब खडीसाखर. “वैनी, नाकाला जरा बी वास आला तर समजायचं, अजून मरण हाय त्यात,” असं म्हणाले होते. त्या खेपेला सगळे मासे जगले. मीही शिकले, कारण मला असल्या गोष्टींत रस वाटतो, तू चिडवतेस तसा.

पावसाळ्यात पुन्हा ठिपके आले, पुन्हा सगळं धुतलं आणि त्याच दिवशी मासे एका कुशीवर तरंगायला लागले. स्पंज आसारामनं पिळला होता. माझ्या लग्नाआधीपासून आमच्या दुकानात असलेला गडी. भावजी त्याला एक शब्द रागानं बोलले नाहीत, नुसते म्हणाले, “जाऊ द्या, त्याचं ध्यान नव्हतं.” मामंजींनी त्याला काढून टाकलं. नवे मासे आणले. दसऱ्यानंतर तेही मेले आणि या वेळी स्पंज मी वाळत घातला होता. आपल्यात विटाळ मानत नाहीत, गळ्यात इष्टलिंग असलेल्या बाईला कसलं सूतक, हे आव्वानं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. सासू असूनही आत्याबाई तेच म्हणत आल्या. पण त्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “कावून हात लावला तू, तुझे दिवस चालू असताना?” मी बाजूला बसलेच नव्हते, तर त्यांना कळलं कसं, याचा मी किती दिवस विचार केला. भावजी तेव्हा पेटीसमोर स्टुलावर बसले होते. शेवटचा मासा तोंड उघडत होता आणि ते त्याच्याकडे, आपण टीव्हीवर बातम्या बघतो तसे, शांतपणे बघत होते.

दिवाळीत माडीवरचं कपाट झाडताना हायपोच्या बरणीला मुंग्या लागलेल्या दिसल्या. ईशू, हायपोला मुंग्या लागत नाहीत. मी एक खडा जिभेवर ठेवला. कपिलधारेच्या जत्रेतून आणतो तीच खडीसाखर. म्हणजे भावजींनी सगळ्यांदेखत बरणी उघडायची, मूठभर खडे पाण्यात टाकायचे, “बघा, हायपो घातला” म्हणायचं आणि स्पंज पिळायला दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मासे मरणार हे नक्की आणि नाव कुणाचं घ्यायचं हेही आधीच ठरलेलं. माझे दिवस आत्याबाईंच्या कानावर कुणी घातले, तेही मला तेव्हाच कळलं.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, माशांपायी सख्ख्या भावाशी भांडू का. मग मी कुणाला काही न बोलता फोटो स्टुडिओतून हायपो आणला, साखर ओतून टाकली आणि बरणी होती तिथं ठेवून दिली. गेल्या आठवड्यात भावजींनी पुन्हा सफाई काढली, खडे टाकले, स्पंज माझ्या हातात दिला आणि मासे सोडल्यावर स्टूल ओढून बसले. मासे पोहत राहिले. संध्याकाळी गिऱ्हाईक गेलं, दिवे लागले, तरी पोहत होते. मग ते उठले, बरणी काढली आणि त्यातला एक खडा जिभेवर ठेवला. मी दारात उभी होते. मला वाटलं, ओरडतील. ते हसले, अगदी तुझा ट्रे धरताना हसले होते तसेच. म्हणाले, “वैनी, साखर संपली वाटतं.”

त्याआधी ते तुझ्याबद्दल हो-नाही काहीच म्हणत नव्हते. आत्याबाई विचारून थकल्या होत्या, केजचं एक स्थळही बघून ठेवलं होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी पान वाढणाऱ्या माझ्याकडे बघून विचारलं, “ईश्वरीचं नाक बी तुमच्यासारखंच तेज हाय का?” मी म्हटलं, नाही, ती भोळी आहे, तिला यातलं काही कळत नाही. तुला वाचवायला म्हणून बोलले. ते आत्याबाईंकडे वळले आणि म्हणाले, “मग तीच करा. दुसरी न्हाई पायजे.” म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता तुमच्या वडवणीच्या बाजाराला येणाऱ्या शेजारच्या कौशल्याबाईंच्या हाती देते आहे. आप्पांना काय कारण सांगायचं ते सांग, माझ्यावर ढकल, मला जाऊ म्हणून बहीण नको असं अक्कानं कळवलंय म्हण. ते रागावतील, माझं माहेर तुटेल, तुटू दे. पण सोमवारी नाही म्हण.

तुझीच,
काव्याक्का