रिकामा कोपरा

प्रिय ठकू,

दवाखान्यात पाठवलेला हा जेवणाचा डबा उघडण्याआधी हे वाच. समोर बोलायला गेलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि तू सारखी भिंगरीच्या उशाशी असतेस. तिच्यादेखत तर नाहीच जमणार. घड्याळं दुरुस्त करता करता त्यांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लिहायला शिकलेला माणूस मी, तेव्हा शुद्धलेखनावरून कान उपटू नकोस.

गेल्या वर्षी शाळेने भिंगरीला टॅबलेट दिला, तेव्हा तू दूर नोकरीवर होतीस. जन्मात शब्द न फुटलेली पोर चित्रावर बोट ठेवायची आणि ती पाटी बोलायची: पाणी, भूक, आई. चित्र घालायचं कसं, काढायचं कसं, हे मॅडमनी मला शेजारी बसवून शिकवलं. म्हणाल्या, आजोबा, तुमची बोटं आमच्यापेक्षा हुशार. मी फुगलो ना! उजव्या कोपऱ्यात लाल हाताचं चित्र होतं, 'नको'चं. ते सापडल्यावर पोरीने घर डोक्यावर घेतलं. आंघोळ नको, शाळा नको, आजोबा नको! शेजारीण म्हणायची, अहो, ही नात आहे की सासू?

सुट्टी लागली आणि पायांना आधाराचे नवे कॅलिपर आले. पट्टे आवळायला बसलं की अर्धा अर्धा तास नको, नको, नको. एका सकाळी माझं डोकं फिरलं. घड्याळाचा गजर थांबेना तर आपण झाकण उघडतोच. मी ते चित्र काढून टाकलं. दोन मिनिटांचं काम. तुला फोनवर सांगितलं, पोरगी शहाणी झाली हो! किती खूश झालीस तू.

सुट्टीभर ती त्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट आपटत राहिली. टकटक, टकटक. मला वाटलं, हाताला झटके येताहेत. मग आई, आई दाबायला लागली, म्हणून तुला फोन लावून तिच्या कानाशी धरायचो. टाच लाल दिसली की तेल चोळायचो आणि पुन्हा पट्टा आवळायचो. नवी चप्पल चावतेच की, म्हटलं. वास यायला लागला तेव्हा कुठे दवाखाना गाठला. पाऊल काढावं लागलं, ते तू डोळ्यांनी पाहिलंसच.

'नको' नसलेला टॅबलेट माझ्या पोरीच्या हाती कुणी दिला, असं विचारून तू मॅडमविरुद्ध तक्रार केलीस. त्याआधी त्या माझ्याकडे आल्या होत्या. आजोबा, ते चित्र कुठे गेलं हो? मी म्हणालो, तुमच्याकडूनच पुसलं गेलं असेल. ठकू, इतकं सहज निघालं गं तोंडातून. सुट्टीआधी त्यांनीच नवी चित्रं भरली होती, म्हणून त्यांना खरं वाटलं. चूक माझीच असावी, असं त्यांनी चौकशीत लिहून दिलंय. सोमवारी त्यांना कामावरून काढतील. त्याआधी हे पत्र शाळेत ने आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. माझी लाज राखू नकोस.

लाल हात मी परत त्याच कोपऱ्यात बसवलाय. काल तू औषधं आणायला गेलीस तेव्हा तिच्यापुढे धरला. तिने बोटच उचललं नाही, भिंतीकडे तोंड फिरवलं. तरी रोज धरत जा तिच्यापुढे. आणि मी तिच्याजवळ पुन्हा यावं का, हे तू ठरवू नकोस, तिला विचार. बोट त्या कोपऱ्याकडे गेलं, तर बापाची कीव येऊन तिचा हात अडवू नकोस.

तुझाच,
बाबा